वजा दहा

धाकटीचं डिझाइन निवडलं गेलं तेव्हा ऑफिसात सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. सख्खी बहीण म्हटल्यावर वाजवाव्याच लागतात. पोटात मात्र इतकं दुखत होतं, की पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले ती पंधरा मिनिटं आत आलेच नाही.

काम तसं लहानच होतं. एका वाढत्या उपनगरासाठी पॅव्हिलियन. सकाळी भाजीबाजार, दुपारी मुलांना वाचत बसायला जागा, संध्याकाळी सभा नाहीतर नाटकाच्या तालमी, सगळं एकाच छताखाली. जागेवर एक जुनं पंपघर आणि एक गोदाम समोरासमोर उभं होतं. मी दोन्ही पाडून तिथे काचेची देखणी इमारत काढली होती. धाकटीने दोन्ही तशीच ठेवली, मधल्या मोकळ्या जागेत लोखंडी चौकटी बसवून त्यावर छत टाकलं आणि झाली मोकळी.

"हिने कमीत कमी रेघा मारल्यात," सर कौतुकाने म्हणाले. बारा वर्षं मी या माणसाकडे रेघा मारतेय. कमी मारायच्या असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी आई म्हणाली, "अगं, तिला शिकवलं कुणी? तूच ना? मग तुझंच यश की हे."

असलं यश कुणी ताटात वाढलं तरी मी उष्टं टाकलं असतं.

आमच्याकडे एकाने काढलेले नकाशे दुसऱ्याने तपासून सही करायची पद्धत आहे. सरांनी नेमके तिचे नकाशे माझ्यापुढे टाकले. "चार दिवसांनी चौकटींची ऑर्डर जायची आहे, एकदा नजर घाल." मी नजर घातली नाही, डोळ्यांत तेल घालून चुका शोधल्या. दोन दिवस जिने, उतार, दारं, संडासाच्या फरशीचा ढाळसुद्धा पाहिला. एक चूक सापडेना. शेवटी ऑफिसातला नवा टेप घेऊन मी थेट जागेवर गेले.

पंपघराची भिंत ते गोदामाची भिंत. नकाशात सहा मीटर तीस. टेपवर सहा मीटर वीस. तीनदा मोजलं, तिन्हीदा वीसच. चौकटी सहा पंचवीसच्या होत्या. त्या तिथे शिरल्याच नसत्या.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दहा सेंटीमीटर कुठून आले हे आमच्या ऑफिसात कुणीही झोपेत सांगेल. सरांचा पहिला टेप सुरुवातीला दहा सेंटीमीटर तुटलेला आहे. सर तो टाकू देत नाहीत. त्याला आम्ही थोट्या म्हणतो. थोट्याने मोजलं की आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे, हा नव्या माणसाचा पहिला धडा. धाकटीला तो मीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी आकडे मांडले. आवाज अगदी गोड ठेवला. "थोट्याचे दहा वजा करायचे राहिले वाटतं."

धाकटीने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान लाल झाले तिचे. "हो," ती म्हणाली, "चुकलं माझं."

सरांनी नकाशे उचलून माझ्यासमोर ठेवले. मग म्हणाले, "यापुढे हे काम तुझी ताई बघेल. तू तिच्या हाताखाली राहा." पॅव्हिलियन माझा झाला. मी माझ्या टेबलाशी येऊन बसले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते.

दुपारी नकाशे दुरुस्त करायला म्हणून मोजमापांची वही मागवली. ज्याचं डिझाइन त्याने स्वतः मापं घ्यायची, असा आमचा नियम आहे. म्हणून पानावर धाकटीचं अक्षर असणार हे मी धरूनच चालले होते.

अक्षर माझं होतं. आठ महिन्यांपूर्वीची, माझ्या काचेच्या इमारतीच्या वेळची तारीख, खाली माझी सही. पंपघर ते गोदाम, सहा तीस. दहा वजा केलेले नव्हते. बाजूला मीच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'पाडायचंच आहे.'

वही घेऊन मी तिच्या टेबलापाशी गेले. ती खाली मान घालून चौकटींची रुंदी खोडत होती.

"तू स्वतः का नाही मोजलंस?"

"तू मोजलं होतंस ना, ताई. तुझ्यावर परत काय मोजायचं?"

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुला कशाला..." एवढं म्हणून ती पुन्हा खोडायला लागली. "वही ठेव तिकडे. झालं ते झालं."

तिच्या डिझाइनवर मी इतके दिवस जळत होते. आता वाटलं, तेवढंच असतं तर बरं झालं असतं. मी तिला शिकवलेल्या यादीत हे कुठेच नव्हतं. हे तिला आपोआप येत होतं, आणि मला चाळिशीतही येत नव्हतं. इतका हेवा मला तिचा कधीच वाटला नव्हता.

वही मिटून तिथे ठेवली असती तर पॅव्हिलियन माझा राहिला असता. तिने कुणाला सांगितलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, बराच वेळ म्हटलं तरी चालेल. मग सरांच्या केबिनचं दार ढकललं आणि ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"सर," मी म्हणाले, "ते दहा सेंटीमीटर माझे आहेत."