अर्धा श्वास उशिरा

नव्या संचालिका बाईंनी छडी खाली आणली आणि वाद्यवृंद अर्धा श्वास उशिरा वाजला. ही तिसरी वेळ. बाईंनी हात थांबवला.

"मी तुमच्यासाठी थांबते, तुम्ही माझ्यासाठी थांबता. अशानं बैलगाडी होते नुसती. माझा हात दिसत नाही का?"

चाळीस माणसं आपापल्या कागदांत डोकं खुपसून बसली. उद्याचा कार्यक्रम बिघडला तर बाईंची नोकरी कायम होणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. उत्तरही माहीत होतं. पण समोर प्रेक्षकांच्या खुर्च्यांत, तिसऱ्या रांगेत, निवृत्त झालेले जुने संचालक, सर, बसले होते. शेवटची चार वर्षं सरांचा हात थरथरायचा. खरा इशारा देण्याआधी तो एकदा उगाच हिसका द्यायचा. पहिला हिसका सोडायचा आणि दुसऱ्यावर वाजवायचं, असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे आपसूक तसं करू लागले आणि सरांना पत्ता लागू दिला नाही. आता सर मंचावरून गेले, सवय राहिली.

शेवटी मागचा नगारेवाला उठला. सरांच्या हाताखाली त्याने तीस वर्षं काढली होती.

"आमचीच खोड आहे, बाई. आळशी झालोय."

"चाळीसच्या चाळीस?"

"वाण नाही पण गुण लागतो म्हणतात ना."

तेवढ्यात सर उठून मंचावर आले आणि त्यांनी बाईंकडून छडी मागून घेतली. हात वर गेला, थरथरला, एक हिसका खाली आला. सभागृहात आवाज नाही. मग हात पुन्हा खाली आला आणि चाळीस वाद्यं एकदम, चोख वाजली.

"बघितलंत?" सर बाईंना म्हणाले. "तुमची चूक नाही." मग वळून म्हणाले, "यांच्या हाताला हिसका नाही रे. पहिल्यालाच वाजवा."

"सर, तुम्हाला माहीत होतं?" नगारेवाल्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोललो असतो तर सोडावं लागलं असतं."

सर छडी परत देऊन आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. बाईंनी छडी उचलली. या वेळी आवाज हातासरशी आला, अगदी हवा तसा. सरांसाठी लागलेली सवय इतक्या सहज सुटली, याचं नगारेवाल्याला फार वाईट वाटलं.