थोरलीच्या मापाचा स्वेटर

आमच्या धाकटीनं विसाव्या वर्षी देवाची चाकरी धरली आणि आमच्या घरात देवापेक्षा तिचाच मान वाढला. ती सिस्टर झाली. मी टपाल कचेरीत पार्सलं तोलायला लागले. दोन बहिणींपैकी एकीनं स्वर्गाची वाट धरली की आईचं पथ्यपाणी दुसरीच्या गळ्यात पडतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

व्रत घेतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिचं पत्र आलं, 'इथं गारठा फार आहे. आम्हाला करड्या रंगाचाच स्वेटर चालतो.' झालं! आईनं करडी लोकर आणली, सुया काढल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी एक स्वेटर. छातीवर वेणीची वीण, आणि गळ्याच्या आत लाल धाग्याची एक गाठ, नजर लागू नये म्हणून की हरवला तर ओळखू यावा म्हणून, ते तिचं तिला ठाऊक.

माप मात्र माझं. 'तुम्ही दोघी एकाच चणीच्या,' असं आईनं एकदा ठरवलं ते ठरवलं. दरवर्षी मी बुजगावण्यासारखी हात पसरून उभी राहायची आणि ती अर्धवट विणलेला तुकडा माझ्या पाठीला लावून बघायची. "हलू नकोस गं. तिला काखेत काचेल." माझ्या काखेची कुणाला पडलीय! एकदा मी म्हटलंही, एखादा मलाही विण की. तर म्हणाली, "तुझं काय, तू बाजारातून घेशील. त्या बिचारीला कोण आहे?" त्या बिचारीला देव होता, बिशप होता आणि जेवणाच्या टेबलाला तीस सिस्टर होत्या.

पार्सल मीच बांधायची, मीच तोलायची, शिक्काही मीच मारायची. उत्तर यायचं, 'स्वेटर पोचला. फार उपयोगी पडतो आहे.' चोवीस वर्षं, चोवीस वेळा, तेच वाक्य. खोटं बोलायची बंदी असलेली माणसं खरं किती जपून बोलतात, ते मला पुढं कळलं. घरी यायची ती उन्हाळ्यात, तीन वर्षांतून एकदा, दहा दिवस. उन्हाळ्यात स्वेटरची चौकशी कोण करणार?

गेल्या वर्षी आईची नजर गेली. पंचविसावा स्वेटर तिनं चाचपडत विणला, टाके बोटांनी मोजत, चुकला की उसवत. सात महिने लागले. धाकटीच्या व्रताचा रौप्यमहोत्सव होता. आई म्हणाली, "हा शेवटचा. एकदा तिच्या अंगावर माझ्या हातानं चाचपून बघते, मग सुया ठेवून देते." तिला दुसरं काहीच नको होतं. मला विचाराल तर तिनं औषधं वेळेवर घेतली असती तरी पुष्कळ होतं. पण मला विचारतं कोण?

तर आम्ही निघालो. चाकाची खुर्ची, औषधांची पिशवी, आईच्या मांडीवर पुडक्यात स्वेटर.

कॉन्व्हेंटच्या फाटकाशी गाडी थांबली. पहारेकरी धावत आला, त्यानं आईला अलगद उचलून खुर्चीत ठेवलं. माणूस भला होता. त्याच्या अंगात करडा स्वेटर होता. छातीवर वेणीची वीण.

आईचा हात त्याच्या बाहीवरच राहिला. बोटं दोनदा खालीवर फिरली. "थोरले, ही वीण माझी आहे."

"हल्ली बाजारात तसलेच मिळतात, आई," मी म्हटलं. तिथं खोटं बोलायला मला कुणाची बंदी नव्हती.

आत गेलो तर स्वयंपाकीण करड्या स्वेटरात, माळी करड्या स्वेटरात, ड्रायव्हरच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत आखडलेल्या. मी माळ्याला म्हटलं, "काका, गळ्यापाशी किडा आहे," आणि गळा उलटा करून बघितला. लाल गाठ. माझ्या अंगाला लावलेलं माप या म्हाताऱ्याच्या ढेरीवर ताणून बसलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण अंगाची लाही झाली.

हॉलमध्ये मिस्साच्या प्रार्थनेनंतर भाषणं. आमच्या सिस्टरबाईंनी मुलींच्या वसतिगृहात पंचवीस वर्षं कशी काढली, किती डोक्यांतल्या उवा काढल्या, किती गोधड्या धुतल्या, किती तापांना उशाशी बसल्या. बिशप म्हणाले, आईच्या मायेनं. माझ्या शेजारी खरी आई पुडकं घट्ट धरून बसली होती, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. मुलींनी मात्र गलका करून धाकटीला गराडा घातला, एक तर तिच्या झग्यात तोंड खुपसून रडली. लहान मुलींना काय, खाऊ देणाऱ्याला चिकटतात. असं मी स्वतःला सांगितलं.

मग मी तिला भांडारघरात गाठलं. तिचे हात बघितले, सोड्यानं कपडे धुऊन भेगाळलेले. तरी सोडलं नाही.

"आमच्या आईचे स्वेटर गावाला वाटलेस?"

"मी नाही वाटले, ताई. आलेली वस्तू मदरांच्या टेबलावर ठेवायची, असा नियम आहे. ज्याला गरज असेल त्याला त्या देतात."

"आणि तुला गरज नव्हती? थंडी वाजते म्हणून पत्र तूच लिहिलंस ना?"

"परवानगी मागितली असती तर ठेवता आला असता." ती खाली बघत म्हणाली. "पण स्वतःसाठी मागायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. अर्पण केलं मी ते."

"तुझं अर्पण? सुया कुणी चालवल्या? डोळे कुणाचे गेले? दुसऱ्याच्या घामावर कसलं गं पुण्य कमावतेस! नाकानं कांदे सोलायला तुम्हाला शिकवतात की उपजतच येतं? आता माग. आज माग. आईला तो तुझ्या अंगावर हवाय."

गेली. मीही मागोमाग गेले, कारण तिचा भरवसा नव्हता. मदर सरबताचे पेले मांडत होत्या. धाकटी गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "मदर, माझ्या आईनं विणलेला स्वेटर मी ठेवून घेऊ का?" आवाज असा, जणू फाशी माफ करून मागतेय.

मदरांनी पेला खाली ठेवला. "अगं, ठेव की! एवढीशी गोष्ट. इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस?"

एवढीशी गोष्ट. चोवीस हिवाळे हिनं उघड्या हातांनी धुणं धुतलं, एका वाक्याच्या अहंकारापायी. पहिल्यांदाच धाकटीच्या चेहऱ्यावर मला पवित्र काही दिसलं नाही, नुसती खजील झालेली आमची धाकटी दिसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

'ती घालून येतेय' असं सांगून आईच्या हातातलं पुडकं घेतलं आणि भांडारघरात परत येऊन सोडलं. तिनं बाहीत हात घातला. हात कोपरापाशी अडकला. दुसरा घातला, तर पाठीत शिवण करकरली. सेवेनं माणूस झिजतं म्हणतात. झग्याच्या घोळात कळलं नव्हतं, पण आमच्या सिस्टरबाई झिजून माझ्या दीडपट झाल्या होत्या. इतकी वर्षं पाठवलेला एकही स्वेटर हिला झाला नसता, आणि तीन वर्षांनी एकदा येणारी मुलगी आईच्या डोक्यात अजून विशीचीच होती.

"आता गं, ताई?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता काय! आण इकडे." मी तो अंगात चढवला. काखेत काचला नाही, खांद्यावर सुरकुती नाही. माझ्याच मापाचा, बसणारच. ऊबही होती. "तू माझ्या मागं उभी राहा आणि बोल. हात मी पुढं करीन. आईला दिसत नाही."

"हे खोटं होईल."

"तू नुसतं 'आई, मी आले' म्हण. आली आहेसच की."

आई ओसरीत उन्हाला बसली होती. मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसले. मागून धाकटी म्हणाली, "आई, मी आले."

आईचे हात आले. आधी मनगट, मग बाही, मग खांदा. वेणीच्या विणीवरून बोटं सावकाश उतरली, गळ्यात शिरली, लाल गाठीशी थांबली. तिचा चेहरा असा उजळला की इतक्या वर्षांत माझ्याकडे बघताना कधी उजळला नव्हता. तेवढी दोन मिनिटं मला कशाचाच राग नव्हता, हे सांगून टाकते.

मग तिचा हात माझ्या पाठीवर थांबला.

"काढ तो, थोरले," ती हळूच म्हणाली. "तिचा आहे."

मी काढला. मागं हुंदका आला, तो धाकटीचा. मी स्वेटरची घडी घालून तिच्या हातात दिली, आणि आईनं तिचा हात ओढून घेतला, मनगट चाचपलं, दंड चाचपला, आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. निघताना पहारेकऱ्यानं पुन्हा आईला उचललं. आईनं त्याच्या बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कोपरापाशी उसवलाय बाबा, शिवून घे." म्हणजे तेही तिला कळलं होतं.

गाडीत ती मान टेकून बसली. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "लोकर संपलीय का गं घरात?"

"शेवटचा म्हणाली होतीस ना?"

"तो बसला कुठं तिला? पुन्हा विणायला हवा."

मी सवयीनं मापाला हात पुढं केला. अंधाऱ्या डोळ्यांना तो कुठून दिसायला?

"आता कुणीतरी भरल्या अंगाचं बघायला हवं," आई म्हणाली. "तुझं माप आता चालायचं नाही."

हात तसाच पुढं होता. तो मागं घेऊन मी तिच्या पायांवरची शाल नीट केली.