नथमलजींची अठाई

जुन्या जालन्यात नथमलजींचं कापडाचं होलसेल दुकान आहे, पण ते चालतं कापडावर नाही, नथमलजींच्या जिभेवर. बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो म्हणतात. नथमलजींनी तर काठ फसलेली लुगडी 'नवीन डिझाइन' म्हणून मंठ्यापासून घनसावंगीपर्यंत खपवली होती. त्या जिभेचं दुसरं काम खाणं. जैनांच्या पर्युषणात निम्मी गल्ली उपवासाला बसायची, आणि हे तिसऱ्या प्रहरी दुकानाच्या मागच्या खोलीत शेव खाताना सापडायचे. आयुष्यात त्यांना कुणी तपस्वी म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणावं अशी गोष्टही त्यांनी केली नव्हती.

यंदा मात्र पर्युषणाच्या तोंडावर त्यांचा घसा धरला. नात रूपल तापानं फणफणली होती. तिनं अर्धा शिरा टाकला, अर्धी कुल्फी टाकली. "आपल्यात उष्टं टाकत न्हाईत," असा उपदेश करत आजोबांनी तिच्याच चमच्यानं शिरा संपवला आणि धर्म राहू नये अर्धा म्हणून कुल्फीही चाटून पुसून खाल्ली. दोन-तीन दिवसांनी नात अंगणात उड्या मारत होती आणि आजोबांना थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं.

पर्युषणाच्या पहिल्या सकाळी ते तरीही जैन स्थानकात व्याख्यानाला गेले. सुगनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दरवर्षीप्रमाणे अठाईला बसणार होत्या. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. बायकोचा उपवास सुरू होताना नवऱ्यानं घरी लोळावं, हे बरं दिसलं नसतं. व्याख्यान संपल्यावर प्रभावना म्हणून पेढे वाटले गेले. पेढा समोर आला आणि नथमलजींनी हात जोडून मान हलवली.

सभागृह थक्क झालं. नथमलजी आणि पेढ्याला नाही! संघाचे मंत्री पारसमलजी लगबगीनं जवळ आले. "शेठजी, उपवास?" नथमलजींनी बोलायला तोंड उघडलं, घशातून फक्त हवा निघाली. त्यांनी पाण्याची खूण केली. कुणीतरी उकळलेलं पाणी आणून दिलं, ते त्यांनी डोळे मिटून घोट घोट घेतलं. पारसमलजींना आणखी पुरावा नको होता. "अठाई! आन् वरून मौन!" त्यांनी तिथंच जाहीर करून टाकलं. लोकांनी हात जोडून 'अनुमोदना!' म्हटलं, दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. बायकांच्या बाजूला बसलेल्या सुगनबाईंची ही आयुष्यातली अकरावी अठाई होती. तिकडे कुणी मान वळवली नाही.

दुपारी डॉक्टर आकांक्षाताईंनी बॅटरी मारून घशात पाहिलं. "टॉन्सिल लय सुजलेत शेठजी. पांढरे ठिपके बी आलेत. कुणाचं उष्टं खाल्लं?" नथमलजींनी रूपलच्या उंचीवर हात धरला. "मंग तिथूनच आलं. कुल्फीच्या गारव्याला उगाच बोल लावू नका, जंतू चमच्यावर होते. आता असं करा, कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. मुगाचं पाणी, पातळ खिचडी, गिळवंल ते खायाचं, उपाशी राहायचं न्हाई. बोलणं बिलकुल बंद. तुमचा पेला, तुमचा चमचा अलग ठेवा. गोळ्या देते, बरं वाटलं म्हणून मधीच सोडायच्या न्हाईत. आन् श्वास जड झाला नाहीतर पाणी बी उतरंना झालं, तर घरी बसून राहू नका, जल्दी दवाखाना गाठा."

दुकानातला जुना नोकर कल्याण म्हणाला, "चुलीची राख लावून अंगठ्यानं गाठी दाबून देऊ का? आमच्या आजीनं लय जणांच्या दाबल्यात." नथमलजींनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

मग सुरू झाला एक चमत्कारिक उपवास. दारं लावून नथमलजी मुगाचं पाणी प्यायचे, मग खिचडी, मग तूप घालून खिचडी. बाहेर आले की पाया पडणारे उभे. गिऱ्हाईकं भाव न करता कापड नेऊ लागली. तपस्व्याशी घासाघीस कोण करणार? घसा उघडला तरी नथमलजींनी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना हे फार आवडत होतं.

खिचडी करत होत्या सुगनबाई. सून रूपलला घेऊन माहेरी गेली होती. पोटात अन्न नसलेली बाई फोडणीच्या वासात उभी राहायची, भिंतीला हात टेकून ताट आणायची. सहाव्या दिवशी ताट ठेवून त्या तिथंच खाली टेकल्या.

"जालन्यात असा तपस्वी पहिलाच," त्या हळूच म्हणाल्या, "ज्याच्या अठाईला दोन टाइम खिचडी लागती."

नथमलजींचा घास घशाशी अडकला, आणि या वेळी टॉन्सिलचा दोष नव्हता. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं. सातव्या दिवशी ठरवलं, आठव्या दिवशीही ठरवलं. दोन्ही दिवशी लोक पाया पडले आणि राहून गेलं.

नववा दिवस पारण्याचा. संघाच्या भवनात मंच, माइक, आणि नथमलजींसाठी चंदनाची माळ. सुगनबाई मागच्या रांगेत, दोन बायकांच्या आधारानं बसलेल्या. पारसमलजी माळ घेऊन पुढे आले. आता गळ्यात पडली की ती जन्मभर उतरणार नव्हती. नथमलजींनी माइक ओढला.

"माझे टॉन्सिल सुजले होते," ते म्हणाले. "मी उपवास केला न्हाई. रोज खिचडी खाल्ली. तूप घालून. अठाई हिनं केली, आन् माझा स्वयंपाक बी हिनंच केला."

 पारसमलजी डोळे टिपत माइककडे झुकले. "बघा! एवढं तप करून श्रेय पत्नीला! याला म्हणतात निरहंकार!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अरे, खरंच खाल्ली!" नथमलजी ओरडले. टाळ्या वाढल्या.

आयुष्यभर खोटं बोलून कापड विकलेल्या माणसाचं पहिलं खरं कुणी घेईना. नथमलजींनी माळ पारसमलजींच्या हातातून हिसकावली, पारण्याची वाटी उचलली आणि मंच उतरून थेट बायकांच्या बाजूला गेले. सगळ्यांदेखत त्यांनी माळ सुगनबाईंच्या गळ्यात घातली आणि मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा त्यांच्या ओठांना लावला.

सुगनबाईंनी घोट गिळला. डोळे भरून आले होते, पण जिभेची धार गेली नव्हती. "एवढं वाटतंय," त्या म्हणाल्या, "तर पुढच्या साली खरीच करा."

टाळ्या थांबल्या होत्या, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं. पारसमलजींनी माइक झडप घालून धरला. "पुढच्या पर्युषणात नथमलजींची जोडीनं अठाई! अनुमोदना!"

शेकडो हात जोडले गेले. नथमलजींनी आशेनं एक आवंढा गिळून पाहिला. घसा ठणठणीत होता.