देवघराची माळ आणि काळा पडदा

तापीकाठच्या आमच्या गावात, इतवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मनकर्णाकाकूंच्या घरात भूत निघालं होतं, आणि तेही लॅपटॉपात! भुतानं पिंपळ सोडून लॅपटॉपात बिऱ्हाड केलं म्हटल्यावर मीही शाळेतल्या पोरांच्या तपासायच्या गणिताच्या वह्या तशाच टाकून धावलो.

लॅपटॉप काकूंच्या मुलीचा, भूमिकाचा, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा. त्याला मोठा मॉनिटर जोडून ती साड्यांच्या काठांची डिझाइनं काढते. मायलेकींचं घर त्यावरच चालतं. पण हल्ली रोज दिवेलागणीला मॉनिटरचा पडदा अचानक काळा व्हायचा. लॅपटॉप मात्र ठणठणीत चालू!

काकूंनी बोलावलेले पंडितबाबा भस्म उधळत गरजले, "इसमें दो कार्ड हैं, माई! एकात लक्ष्मी, दुसऱ्यात पिशाच्च. सांज झाली का पिशाच्च लक्ष्मीचा गळा धरते!"

बाबांना कार्डांची संख्या कशी कळली, हे विचारायची शुद्ध कुणाला होती?

"पहले ये बिजली की माळ काढा. देवीला तुपाचा दिवा पाहिजे."

चेल्यानं, म्हणजे सागरनं, देवघरामागे हात घातला. लुकलुकणारी माळ विझली. बाबांनी लिंबू कापलं, "ॐ ग्राफिकाय फट् स्वाहा!" म्हणाले, आणि काय सांगू, पडदा लख्ख उजळला! पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेजारच्या विमलमावशी तर लॅपटॉपच्या पाया पडल्या.

"आज भागलं," बाबा म्हणाले. "पण हे यंत्र राजघाटावर तापीमाईत सोडावं लागेल. मीच नेतो. कोणी मागे येऊ नका."

काकू रडतरडत लॅपटॉप लाल फडक्यात बांधायला निघाल्या. पोरीची रोजीरोटीच फडक्यात चालली होती.

"आई, काय करून राहिली तू? थांब जरा!" भूमिका ओरडली. "बाबा, मंत्राच्या आधी माळ कशाला काढली?"

बाबा खोकले. भूमिका देवघरामागे वाकली आणि एकदम खदखदून हसली. तिथं सॉकेट दोनच. एकात मॉनिटर, दुसऱ्यात, माळेच्या जागी, सागरनं खोचलेला लॅपटॉपचा चार्जर. तिनं चार्जर ओढला, पडदा काळा. खोचला, क्षणभरानं लख्ख. ना लिंबू, ना स्वाहा!

ती माझ्याकडे वळली. "विनायकसर, बघा ना! लॅपटॉपात दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. छोटं त्याचा स्वतःचा पडदा चालवतं. मॉनिटरची वायर जाते मोठ्या कार्डाला, आणि ते वीज खातं. म्हणून बॅटरीवर आलं का त्याला झोपवायचं, असं सेटिंग मीच केलं होतं. आई रोज सांजेला चार्जर काढून माळ लावते. बॅटरी असते म्हणून लॅपटॉप चालू राहतो, मग तारेकडं बघतं कोण? आणि सागरभाऊ, तुम्ही हा परवाच दुरुस्तीला नेला होता ना? बाबांना दोन कार्डं तिथूनच कळली!"

सागर चपला शोधायला लागला.

"सरक, मला करू दे!" काकूंनी चार्जर काढला, लावला, परत काढला. "अय्या! म्हणजे ते पिशाच्च मीच का?"

गल्ली हसून लोळली. मग प्रत्येकाला पिशाच्च व्हायचं होतं. विमलमावशींनी तर दोनदा नंबर लावला. त्या गडबडीत बाबा पसार झाले. राहिलेल्या लिंबाचं काकूंनी सरबत केलं.

भूमिकानं सेटिंग बदललं. आता बॅटरीवरही मोठं कार्ड जागं राहतं. सांजेला माळही लागते आणि कामही चालतं.

मंडळी, देवीला हात जरूर जोडा. पण चमत्कार बघून घरची वस्तू कुणाच्या हवाली करण्याआधी, तोच हात एकदा देवघरामागे घालून बघा.