तिसऱ्या पानाची फिकट शाई

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. अंग पिवळं पडलंय, कागद ओढताना मी कण्हतो आणि दिवसातून दोनदा तरी कागद अडकवून लोकांची बोलणी खातो. पण एके काळी माझाही तोरा होता!

कारखान्यातून खोक्यात बसून मी थेट विद्यापीठासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आलो. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. माझं पहिलंच पान पाहून त्या म्हणाल्या, "काय सुरेख छापतो हो!" मी अगदी फुशारून गेलो. दर वर्षी शाळेचे निकाल लागले की प्रवेशअर्जांची झुंबड उडायची. अर्ज संगणकावर भरायचा, मी तो छापायचा, पालकांनी वाचून सही करायची आणि मग ताईंनी तो पाठवायचा, अशी पद्धत होती.

काम वाढलं तसे माझे लाड कमी झाले. शाई संपत आली की मी लाल दिवा लावायचो. "एवढी रांग संपू दे रे बाबा," म्हणत ताई त्यावर कागद ठेवून द्यायच्या.

अशाच एका दुपारी एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आला. गळ्यातली मापाची फीतही काढायची राहिली होती. मुलीला दगडांचं भारी वेड. पंख्याने गुणपत्रिका उडू नये म्हणून तिने पिशवीतला एक पट्ट्यापट्ट्यांचा दगड काढून त्यावर ठेवला. तिला भूशास्त्र शिकायचं होतं. वडिलांचा जीव मात्र व्यवस्थापनात अडकला होता, कारण तिथे जागा भरपूर होत्या. अर्जात अभ्यासक्रम आवडीच्या क्रमाने लिहायचे होते.

"बाबा, भूशास्त्र पहिलं लिहू ना?"

"अगं, आधी कच्ची शिलाई घालून ठेवू. व्यवस्थापन वर टाक, ते कुठे जात नाही. मग तुझं दगडांचं मिळालं की पहिलं उसवायचं. हाय काय अन् नाय काय!"

पंचवीस वर्षं त्याने कपडे असेच बेतले होते आणि एकही बिघडला नव्हता. मुलीने मान डोलावली. बाबांच्या हातावर तिचा फार विश्वास होता.

नियम तिसऱ्या पानावर होता : वरच्या क्रमांकाचा प्रवेश मिळाला की खालचे सगळे पर्याय रद्द. नेमकी त्याच पानावर माझी शाई संपत आली. अक्षरं धुतल्यासारखी फिकट उमटली. "वाचून घ्या हं, काका," ताई रांगेकडे बघत म्हणाल्या. सुईकामाने अधू झालेले डोळे शिंप्याने बारीक केले, पान उजेडाकडे धरलं आणि "असेल बरोबर," म्हणून सही करून टाकली. मी कागदाखाली लाल दिवा तेवढा लावून ठेवला होता. प्रिंटरला दुसरं काय करता येतं?

बारा दिवसांनी प्रवेशाचा निकाल लागला. पहिला पर्याय मिळाला होता. भूशास्त्राच्या यादीतल्या शेवटच्या मुलापेक्षा हिचे गुण बरेच जास्त होते.

"मला मिळत होतं, बाबा," एवढंच ती म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

"ताई, उसवता नाही का येणार?" शिंप्याने विचारलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली. त्यानंतर तासभर त्यांनी मला काही छापायला लावलं नाही. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आठवड्याने तो एकटाच आला. "तोच अर्ज काढा. भूशास्त्र पहिलं करून."

"काका, तारीख गेली. आता त्याचा काही उपयोग नाही."

"ठाऊक आहे. तरी काढा."

ताईंनी आधी नवी शाई भरली. मी कधी छापली नव्हती इतकी स्वच्छ पानं छापली. शिंप्याने उभ्याउभ्याच सगळी पानं वाचली, तिसरं तर शब्दाखाली बोट ठेवून. मग खाली नीट सही केली, कागदाची घडी घातली आणि तो निघून गेला.

मित्रांनो, उद्या मला भंगारवाला नेणार आहे. जाता जाता हात जोडून सांगतो. यंत्राचा लाल दिवा लागला तर रांग थांबवा. न दिसणाऱ्या ओळीवर सही करू नका. आणि घरातलं पोर म्हणालं, "हे माझं पहिलं," तर ते पहिलंच लिहा.