सूर्याशेजारचा दाणा

विद्याधर मास्तरांना चमत्काराचा भारी सोस. चमत्कार म्हणजे बाबाबुवांचे नव्हेत. त्या मंडळींना मास्तर दारातही उभं करत नसत. साबणाच्या फुग्यात रंग कुठून येतात, चुंबकाला उत्तर दिशा कशी कळते, असले चमत्कार. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले तरी मुलुंडच्या त्या वाडीत जो भेटेल तो त्यांचा विद्यार्थीच. भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या माणसालाही ते थांबवत, आणि तोही बिचारा थांबे.

पंचावन्न सालच्या डिसेंबरात भर दुपारी सूर्यग्रहण लागलं. वाडीतल्या खिडक्या पटापट बंद झाल्या आणि मास्तरांचं डोकं फिरलं. एवढा मोठा खेळ आकाशात चाललाय आणि ही माणसं पाण्यात दर्भ टाकून काळोखात बसणार! त्यांनी कपाटावरचा जुना लिफाफा काढला. त्यात त्यांच्या मुलीच्या, उत्तराच्या, छातीचा एक्स-रे होता. सहा वर्षांपूर्वी ट्रेनिंग कॉलेजात जाताना काढलेला. उत्तरा तेव्हा शाळेत शिकवायला गेली होती, तिला विचारायचं त्यांना सुचलंही नाही. मास्तरांनी कात्री घेऊन त्याचे सहा तुकडे केले आणि घरोघर वाटले. माणसं घाबरत घाबरत अंगणात आली, तुकडा डोळ्यांवर धरून कोर कापलेला सूर्य बघितला आणि तुकडा दुसऱ्याला द्यायला तयार होईनात. मास्तर त्यानंतर बरेच दिवस हवेतच होते.

मार्चमध्ये ते जमिनीवर आले.

उत्तराचा नवरा नंदकिशोर दोन वर्षांपूर्वी कॅनडात गेला होता, कायमचा राहायला. आता तिचाही परवाना यायचा होता. तिकडे वर्षाला इकडच्या मोजक्याच माणसांना कायमचं राहू देत, आणि त्याआधी नेमून दिलेल्या डॉक्टरकडून अंग तपासून घ्यावं लागे. मास्तर तिला घेऊन फोर्टात गेले. डॉक्टरांनी तिचे डोळे, कान, रक्त, सगळं पाहिलं, दंडावर देवी टोचल्या, छातीचा फोटो काढला. तो फोटो उजेडाच्या पेटीवर लावून ते बराच वेळ बघत राहिले. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला तांदळाएवढा पांढरा डाग होता.

डॉक्टर भला माणूस होता, त्याने लपवाछपवी केली नाही. डाग क्षयाचा आहे, म्हणाला. जुना, बरा झालेला असेल तर काही अडचण नाही. नवा असेल तर परवाना नाही. एका फोटोवरून सांगता येत नाही. सहा महिने थांबून दुसरा काढायचा, पण तोवर यंदाचा नंबर गेलेला असेल. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "आधी कधी छातीचा फोटो काढला होता का? आठव्या दिवशी दंड दाखवायला याल, तेव्हा घेऊन या."

उत्तराचा चेहरा उजळला. घरी आहे, म्हणाली, कपाटावर. मास्तर खाली मान घालून बसले. घरी पोचल्यावर त्यांनी ग्रहणाचं आणि कात्रीचं सांगितलं, तेव्हा उत्तराने कपाटावरचा रिकामा लिफाफा काढला, झटकला आणि परत ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तुकडे नाहीच सापडले, तर पोर अजून वर्षभर आपल्यापाशी राहील. बायको गेल्यापासून घरात दोघंच होती. विचार आला आणि मास्तरांना स्वतःची शरम वाटली. सकाळी चहाही न घेता ते बाहेर पडले.

एक तुकडा त्यांच्याच पाकिटात होता, वरच्या कोपऱ्यातला, उत्तराचं नाव आणि साल असलेला. कापताना तो मात्र कुणाला द्यावासा वाटला नव्हता. बरगड्यांचे दोन तुकडे शिंप्याच्या दुकानात मिळाले. एक तुकडा बाळा पोस्टमनच्या पोथीत होता. हृदयाचा भाग पांढुरका, ग्रहणाला कुचकामी. तो सुगंधाबाईंनी खिडकीच्या फुटक्या काचेला चिकटवला होता. मास्तरांनी नवी काच बसवून देतो म्हणून सांगितलं आणि मुलीचं हृदय पाण्याने भिजवून हळूहळू सोडवून घेतलं.

सातव्या दिवसापर्यंत पाच तुकडे जमले. उत्तराने ते खिडकीच्या काचेवर जोडून लावले. उजवीकडे नाव, मधे हृदय, खाली बरगड्या, आणि डावीकडे वर मोकळी जागा. नेमकी तीच, कारण फोटोत उजवं फुफ्फुस डावीकडे येतं. तो तुकडा गिरणीतल्या धोंडूकडे दिला होता, आणि धोंडू शपथेवर सांगत होता की कुठे गेला ठाऊक नाही.

उत्तराचा दंड सुजला होता, अंगात कणकण होती. टोचलेल्या देवी फुलल्यात हे कळल्यावर संध्याकाळी धोंडूची आई जानकी कडुलिंबाचा डहाळा घेऊन आली. पोरीच्या उशाशी डहाळा ठेवून तिने हात जोडले. मास्तर एरवी चार शब्द बोलले असते. त्या दिवशी त्यांच्यात त्राण नव्हतं. उठताना जानकीची नजर खिडकीकडे गेली. मावळतीचा उजेड तुकड्यांतून आत येत होता. तिने विचारलं, हे काय.

"मी आहे, आजी," उत्तरा म्हणाली. "माझी छाती. एक तुकडा कमी आहे."

जानकी खिडकीजवळ गेली. तिने काचेला हात लावला नाही. मग तशीच घरी गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या पदराखाली तो तुकडा होता. कडेला हळदकुंकू लागलेलं.

"मास्तरानू, माका काय म्हायत, ह्या चेडवाची छाती ती," ती म्हणाली. "जन्मात पयल्यांदा गिराण बघितलंय मी. सूर्यदेवाच्या बगलेक पांढरो दाणो दिसलो, तांदळाचो. माका वाटला, देवाची अक्षता. म्हणान देव्हाऱ्यात ठेवलंय."

मास्तर ताडकन उठले. त्यांनी तुकडा मोकळ्या जागी धरला. कात्रीची वाकडी रेघ रेघेला मिळाली, आणि उजव्या फुफ्फुसात तांदळाएवढा दाणा लखलखला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर दोन्ही फोटो शेजारी लावले, एक अखंड, एक सहा तुकड्यांचा. पट्टीने मोजलं, पुन्हा मोजलं. सहा वर्षांत डाग केसभरही बदलला नव्हता. क्षय कधीतरी आला होता, तिच्या शरीराने त्याच्याभोवती चुन्याची भिंत घातली होती आणि तो तिथेच संपला होता. कुणी औषध दिलं होतं, त्यांनी विचारलं. कुणीच नाही, उत्तरा म्हणाली.

मास्तरांना मॅट्रिकच्या वर्षीचा हिवाळा आठवला. आतल्या खोलीत पोर महिनाभर खोकत होती आणि आपण वाचनात व्यत्यय येतो म्हणून तिला दार लोटून घ्यायला सांगितलं होतं. त्या दाराआड एवढी मोठी लढाई झाली, जिंकलीही गेली, आणि जगाला चमत्कार दाखवत फिरणाऱ्या माणसाला पत्ता नव्हता. दवाखान्यातल्या बाकावर बसून मास्तर रडले. दंडाला पट्टी बांधलेली उत्तरा त्यांची पाठ थोपटत राहिली.

डॉक्टरांनी अहवालावर सही केली आणि तुकडे परत दिले. परवाना आला. मेमध्ये उत्तरा बोटीने गेली.

जानकीचा तुकडा मास्तरांनी आधीच पोचवला होता. घेताना तिने विचारलं होतं, चेडवाचं ते, तुम्ही घरात ठेवायला नको का? आणि बरोबर आलेल्या उत्तरानेच सांगितलं होतं, "राहू दे आजी, तुमच्याकडेच."

जूनमध्ये पोचल्याचं पत्र आलं. दुपारी जेवून मास्तर धोंडूच्या घरी गेले आणि तो तुकडा जरा बघायला मागितला. अंगणात उभं राहून त्यांनी तो डोळ्यांवर धरला. ढगांच्या फटीतून सूर्य तांबडा दिसत होता आणि त्याच्या शेजारी तो दाणा, स्वच्छ पांढरा. हात भरून येईपर्यंत ते बघत राहिले.

आत येऊन त्यांनी तुकडा देव्हाऱ्यात होता तसा ठेवला. मग पाकिटातून नावाचा तुकडा काढला आणि त्याच्या शेजारी, रेघेला रेघ मिळवून लावला. जानकीने अक्षतांची वाटी पुढे केली. मास्तरांनी चार दाणे उचलले आणि वाहिले.