विहिरीतला काना

रूपाचं लग्न मुहूर्त सोडून पाण्याचा टँकर येण्याच्या वारावर धरलं, ते २०१६ साल. रूपा म्हणजे भामाबाईची धाकटी लेक. लग्न उरकलं आणि चौथ्याच दिवशी भामाबाईला औरंगपुऱ्यात अ‍ॅडव्होकेट श्रीनिवास देऊळगावकरांच्या ऑफिसात जावं लागलं.

हर्सूलच्या पुढं तिची आणि तिचा दीर सर्जेराव याची एक सामाईक विहीर होती. आसपास सगळं कोरडं ठणठणीत, हिला मात्र दीड परस खोल पाणी. सर्जेरावला आपली जमीन प्लॉटिंगवाल्याला विकायची होती आणि प्लॉटिंगवाल्याला विहीर अख्खी पाहिजे होती. ती गेली की भामाबाई आणि तिच्या दोन म्हशी टँकरच्या रांगेत.

देऊळगावकर कोर्टात भांडत नसत, समेट घडवत. तीस वर्षांत चारशे बारा समेट, असं भिंतीवर लावलेलंच होतं. रीत ठरलेली. आधी चहा, मग बिस्किट, मग "थोडं तुम्ही सोडा, थोडं ते सोडतील." बांध असो, बोळ असो की बापाचं घड्याळ, साहेब मधोमध कापून देत आणि दोघांना हसायला लावून फोटो काढत.

पाचव्या बैठकीत विहीर निम्मी निम्मी ठरली. सहाव्या बैठकीला कागद टाइप होऊन आला.

"मावशी, इथं अंगठा," साहेब म्हणाले.

"सही येती मला. आधी वाचती."

पन्नाशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बोट एका ओळीवर अडलं.

"'सामाईक विहिरीत भामाबाई यांना कायम वाट देण्यात येत आहे.' विहिरीत वाट? म्हंजी मी उडी मारायची का, वकीलसाहेब?"

साहेबांनी चष्मा लावला. "वाटा आहे तो. टाइप करताना काना राहिला."

"राहिला तर राहू द्या की," सर्जेराव पुढं सरकला. "छापलं त्येच खरं. वहिनीला वाट देतो, वाटा कशाला?"

"भाऊजी, मागच्या खेपंला ह्याच खुर्चीत बसून निम्मी म्हणालात. थोडी तरी लाज धरा."

दुसरा वकील असता तर पेननं काना ओढून मोकळा झाला असता. पण दोन माणसं भांडताना दिसली की देऊळगावकरांना राहवत नसे. त्यांनी पुन्हा चहा सांगितला.

"हे बघा, थोडं तुम्ही सोडा, थोडं ते..."

"एका कान्यातलं किती सोडू?" भामाबाईनं विचारलं. "वरचं का खालचं?"

साहेब खरोखर विचारात पडले.

भामाबाई उठली. "काना नाय तर सही नाय. आन् सही नाय तर भाऊजींचं गिऱ्हाईक लई दिवस थांबायचं नाय."

सर्जेरावनं मुकाट पेन पुढं केलं. काना तिनं स्वतः ओढला, वाकडा, खालच्या ओळीत घुसलेला. बाजूला दोघांच्या सह्या झाल्या, भिंतीवर चारशे तेरा झाले. पुढं एका भाषणात साहेबांनी सांगितलं, की तो काना आपण मुद्दाम सोडला होता, पक्षकारांना वाचायची सवय लागावी म्हणून.

एप्रिलात सर्जेरावनं जमीन विकली, त्याबरोबर विहिरीतला आपला वाटाही. प्लॉटिंगवाल्यानं आपली मोटार बसवून मोटारीला कुलूप घातलं. मे महिन्यात सर्जेरावला उन्हाचा झटका बसला आणि तो गेला. शेवटची आंघोळ घालायला त्याच्या घरात पाणी नव्हतं. भामाबाईनं आपल्या वाट्यातून चार घागरी पाठवल्या. तो दिवस १९ मे २०१६, गुरुवार; टँकरचा वार नव्हता.